दादूच्या गाडीचा कौल

दादू मांडवकराला देवीचं नाव घेऊन खोटं बोलायची सवय लागली, ती जुन्या ट्रकांचे भाव चढल्यापासून. त्याआधी तो अगदी सत्यवचनी होता असं नाही. पण ते आपलं साधं, ड्रायव्हरी खोटं असायचं. आंबा घाटात चहा पीत बसायचं आणि फोनवर पालीला पोचलो म्हणून सांगायचं, एवढंच. त्यात देवाधर्माला ओढायचं कारण नव्हतं.

गाडी त्याची सहा चाकी, पिवळ्या कपाळाची, कपाळावर लाल अक्षरांत 'जुगाई प्रसन्न'. पंधरा वर्षांपूर्वी कोरी घेतलेली, कर्ज केव्हाच फिटलेलं. पालीच्या अलीकडे त्याची वाडी, वाडीच्या वर कातळ आणि कातळावर जांभ्या चिऱ्यांची खाण. खाणीत चिरे भरायचे आणि रत्नागिरीच्या बाजूला जिथे कोणाचं बांधकाम चालू असेल तिथे नेऊन उतरवायचे, हा त्याचा धंदा. वाडीतून हमरस्त्याला लागताना एक वळण आहे आणि वळणावर जुगाईचं देऊळ. तिथे आलं की दादूचा उजवा हात स्टिअरिंग सोडून छातीशी जायचा आणि डोळे क्षणभर मिटायचे. तेवढ्यात आई आपल्याशी बोलते, असं तो बायकोला, कमळाला, सांगायचा. काय बोलते म्हणून कमळाने एकदा विचारलं, तर म्हणाला, "सावकाश जा, येवढंच बोलते."

एरवी पंधरा वर्षांच्या ट्रकाला काळं कुत्रंही विचारत नाही. भंगारवाला तेवढा येतो, टायरला लाथ मारून बघतो आणि तोंड वाकडं करतो. पण मध्यंतरी नव्या ट्रकांच्या किमती आभाळाला भिडल्या, आणि वर कंपन्यांनी त्या ट्रकांत ट्रक सोडून बाकी सगळं भरलं. डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची आणखी एक टाकी आली. तिच्यात युरियाचं पाणी घालायचं. ते संपलं की गाडी बसकण मारते, मागे कोणाचा का माल असेना. बरं, पाणी भरलेलं असलं तरी ते आहे की नाही हे सांगणारा सेन्सर बिघडतो, आणि गाडीचा विश्वास पाण्यावर नाही, सेन्सरवर. पट्टा लावला नाही तर ती ओरडते, दार नीट लागलं नाही तर ओरडते, आणि कशासाठी ओरडते हे कळलं नाही तरी ओरडतेच. पूर्वी गाडी बंद पडली की ड्रायव्हर पान्हे घेऊन खाली शिरायचा. आता तो सावलीत बसून लॅपटॉपवाल्याची वाट बघतो, आणि लॅपटॉपवाला कोल्हापुराहून निघालेला असतो.

तेव्हा शहाण्यासुरत्या लोकांनी जुन्या गाड्या शोधायला सुरुवात केली, आणि जुन्या गाड्यांना सोन्याची कळा आली. दादूच्या पडवीत एकेक जण येऊन बसू लागला. पालीचा एजंट आला, संगमेश्वरचा वाळूवाला आला, कमळाच्या माहेरचा एक लांबचा भाचा आला, तो तर लग्नातही आला नव्हता. चहा व्हायचा, हवापाण्याच्या गोष्टी व्हायच्या आणि मग गाडीवर गाडी यायची.

दादूला विकायची नव्हती. कारण सरळ होतं आणि ते तो कोणाला सांगत नव्हता. साठी उलटलेल्या माणसाला दुसऱ्या कोणाच्या नव्या गाडीवर काम मिळणार नव्हतं, आणि मिळालं तरी जमणार नव्हतं. ही गाडी होती तोवर तो दादू ड्रायव्हर होता. ती गेली की पडवीत बसून रस्त्यावरून कोण गेलं ते बघणारा म्हातारा. वाडीत असे चार-पाच होते आणि दादू त्यांना जाता-येता हॉर्न द्यायचा. त्यांच्यातला एक व्हायची त्याला मनापासून भीती वाटायची.

पण दारी आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं, म्हणजे त्याचा अपमान. आणि नुसतं नाही म्हटलं की लोक भाव वाढवतात. एकदा त्या भाच्याने अगदीच पिच्छा पुरवला तेव्हा दादूच्या तोंडून निघून गेलं, "अरे, माजी ना नाय. पन आईचा कौल मिळत नाय."

भाच्याने पुढे भाव वाढवला नाही. चहा संपवून, देवळाकडे बघून हात जोडून निघून गेला. दादूला तर घबाड सापडल्यासारखं झालं. भावाशी घासाघीस करता येते, जुगाईशी कोण करणार? पुढे जो येईल त्याला तो हेच सांगू लागला. दोनदा लावला, डावा आला, म्हणजे नकार. परवा लावला, डावाच. हळूहळू पंचक्रोशीत झालं की दादूच्या गाडीत देवीचा जीव अडकलाय. आणि दादूने कौल एकदाही लावला नव्हता. हे फक्त त्याला, कमळाला आणि जुगाईला माहीत होतं.

"एक दिस आई तुमाला जाब विचारील," कमळा म्हणायची. तिला गाडी विकलेली हवी होती. नवरा संध्याकाळी उशीर करून आला की तिचा जीव टांगणीला लागायचा.

मिरजोळ्याचा विनीत नागवेकर या सगळ्यांच्या नंतर आला. तरुण माणूस, औद्योगिक वसाहतीत त्याचं ऑफिस, तीन नवे ट्रक, तिन्ही कर्जाचे. बोलायला गोड आणि कायम कावलेला. दादूची त्याची ओळख जुनी होती, कारण त्याचा एक ड्रायव्हर आजारी पडला तेव्हा दादूने त्याची नवी गाडी एक दिवस चालवून दिली होती. तो दिवस दादू विसरला नव्हता. काचेवर एक कॅमेरा होता आणि त्याचं तोंड रस्त्याकडे नव्हतं, ड्रायव्हरकडे होतं. उभी हयात उन्हाकडे बघून गाडी हाकल्यामुळे दादूचे डोळे बारीक झालेले, वरच्या पापण्या उतरलेल्या. कॅमेऱ्याचा समज झाला की हा माणूस झोपलाय. हातखंब्यापासून मिरजोळ्यापर्यंत कॅमेऱ्यातली रेकॉर्ड केलेली बाई हिंदीतून त्याला उठवत राहिली. दादू तिला सांगत होता की मी जागा आहे. अशी बाई कोणाचं ऐकते?

विनीतने पडवीत बसून आधी आपली रडगाणी सांगितली. त्याच्या एका गाडीला सायलेन्सरमधली काजळी जाळायची लहर आली, ती नेमकी कातळावर, वाळल्या गवतात उभी असताना. गवत पेटलं, पलीकडच्या काजूच्या बागेपर्यंत आग गेली, आणि बागवाल्याने त्याला जे काही ऐकवलं ते आत कमळा ऐकतेय म्हणून त्याने सांगितलं नाही. खाणीच्या रस्त्याला या गाड्या चालणार नाहीत, असं त्याचं पक्कं मत झालं होतं. मग त्याने दादूच्या गाडीचा भाव सांगितला. दादूने ती कोरी घेतली तेव्हा दिले होते त्याहून ते जास्त होते. आतून कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

दादूने कौलाचं सांगितलं. नेहमीप्रमाणे चेहरा पाडून सांगितलं.

विनीत भाच्यासारखा उठून गेला नाही. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "बरोबर आहे, काका. तुम्ही एकट्याने विचारलंत ना? घेणारा समोर नसताना आई कशी सांगणार? उद्या आपण दोघे जाऊन विचारू."

कमळा दारात आली होती. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. आता नको म्हणायची सोय नव्हती. दादू म्हणाला, "जाऊ की."

संध्याकाळी तो देवीची पूजा करणाऱ्या केरू गुरवाच्या घरी गेला. कौल लावायचा म्हणजे पाण्यात बुडवलेल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावीला पाणी जरा कमी लावलंस, ती आधी सुटली तर बरं, असं काहीतरी केरूच्या कानावर घालावं म्हणून दादू गेला होता. केरू अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होता. त्याने काय काम काढलंस म्हणून विचारलं. दादूच्या ओठांपर्यंत आलेलं परत गेलं. देवीच्या नावाने दहा जणांना फसवणं वेगळं आणि देवीच्याच खांद्यावर लबाडी चिकटवणं वेगळं, हे त्याला त्या अंगणात उभं राहिल्यावर कळलं. उद्या नारळ मी आणू की इथे आहे, एवढंच विचारून तो परत फिरला.

सकाळी देवळात बरीच माणसं जमली. इतके दिवस न मिळणारा कौल म्हणजे बघण्यासारखी गोष्ट. केरूने पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि त्याच्या त्या खर्जातल्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा जुगाई माऊली, आज तुज्या पायाशी तुजं लेकरू दादू मांडवकर हुबं हाय..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"त्येची गाडी या नागवेकरांच्या हाती द्यावी, आसं तुज्या मनात आसंल, तर उजवा कौल दे. नसंल, तर डावा दे. पन काय ता आज सांग..."

व्हय म्हाराजा म्हणायच्या आत उजवी पाकळी पडली. डुगडुगली नाही, सरकली नाही. वाटच बघत होती अशी पडली. डावी होती तिथेच, दुपारपर्यंत होती म्हणे.

माणसांना गहिवरून आलं. विनीत एरवी बूट न काढता देवळाच्या दारातूनच नमस्कार करणाऱ्यांपैकी, पण त्यानेही लोटांगण घातलं. एवढे दिवस डावा देत होती, योग्य माणूस आला आणि उजवा दिला, हीच आईची करणी, असं जो तो म्हणू लागला. दादू देवीच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला ती रागावलेली दिसली नाही. कंटाळलेली दिसली.

गाडी गेली. जाताना दादूने आतला देवीचा फोटो काढला नाही, तो गाडीबरोबर दिला. पैसे बँकेत ठेवले, पडवीला लादी बसवून घेतली. त्या गुळगुळीत लादीवर खुर्ची टाकून तो बसू लागला. रस्त्यावरून गाडी गेली की आवाजावरून कोणाची ते सांगायचा. कमळाला आधी बरं वाटलं. मग पंधरवड्यात तिच्या लक्षात आलं की हा माणूस जेवताना भात चिवडतो आणि हॉर्न वाजला की उठून उभा राहतो. तिलाही चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं.

तिकडे मिरजोळ्यात वेगळाच पेच झाला होता. विनीतने गाडी नितेश नावाच्या आपल्या चांगल्या ड्रायव्हरला दिली. नितेश नव्या गाड्यांवर शिकलेला. एका बोटाने फिरणारं स्टिअरिंग आणि थंडगार केबिन, ही त्याची सवय. दादूच्या गाडीचं स्टिअरिंग दंडाने फिरवावं लागतं आणि केबिनमध्ये एसी म्हणजे उघडी खिडकी. दोन खेपांत त्याचे तळहात सोलले आणि घामोळं आलं. त्याने चावी टेबलावर ठेवली. दुसऱ्याने केबिनमध्ये चढून बघितलं आणि तसाच उतरला. ज्या मालकाला नवी गाडी नको होती, त्याच्याकडे जुनी गाडी चालवणारा माणूस नव्हता. शेवटी विनीतने दादूला फोन केला. फार आढेवेढे न घेता म्हणाला की काका, तुमची गाडी तुमच्याशिवाय कोणाला ऐकत नाही, पगारावर याल का?

या वेळी दादूने कौलाचं नाव काढलं नाही. चपला घातल्या आणि पालीवरून मिळाली ती एसटी धरली.

मिरजोळ्याच्या आवारात गाडी धूळ खात उभी होती. दादूने चाकाला हात लावला, दार उघडलं, ते नेहमीच्या जागी कुरकुरलं, आणि तो आत चढून बसला. सगळं जागच्या जागी होतं. टॉवेलाचा खिळा होता, सीटच्या फाटक्या कोपऱ्यावरचं ठिगळ होतं, काचेवर आई होती. आईच्या शेजारी एक काळा कॅमेरा होता आणि तो दादूकडे बघत होता.

विनीतने खुलासा केला. ज्या ठेकेदाराचं काम धरलंय त्याच्या सगळ्या गाड्यांना कॅमेरा लागतोच, जुनी काय नि नवी काय. ड्रायव्हर झोपला की बाई ओरडणार, आणि ओरडली की त्याची खबर आपोआप ठेकेदाराकडे जाणार. फार वेळा गेली तर तो ड्रायव्हर कामावरून बंद. "माझ्या हातात काही नाही, काका," विनीत म्हणाला, आणि ते खरंच होतं.

हातखंबा यायच्या आत बाईने त्याला पहिल्यांदा उठवलं. विनीतचा फोन आला. दादूने डोळ्यांचं सांगितलं. विनीतला ते ठाऊक होतं, पण खबर तर गेली होती. थोडे उघडे ठेवा, काका, असं तो अजिजीने म्हणाला. दादूने डोळे ताणले. उन्हाची तिरीप आली की ते आपोआप बारीक व्हायचे आणि बाई सुरू व्हायची. दुपारच्या खेपेला परत फोन आला. त्या फोनमध्ये अजिजी जरा कमी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळाला तो आरशासमोर डोळे वटारून उभा असलेला दिसला. कोणाला भेडसावताय, असं तिने विचारलं. दादूने तिला सगळं सांगितलं.  खाली बसत तो म्हणाला, "कमळे, मी आईच्या तोंडी नाय तो कौल घातला. आता ही मानसं माज्या डोळ्यात नाय ती झोप घालतत. कोनाकडं जाऊन सांगू?"

 कमळाने त्याच्या डब्यात भाकरीबरोबर सुक्या बांगड्याचा जास्तीचा तुकडा ठेवला आणि डबा हातात दिला.

त्या दिवशी दादूने निश्चय केला की बाईला तोंड उघडू द्यायचं नाही. खाणीवर चिरे भरून झाले. टोपीची कड कपाळावर पुढे ओढली, पाठ ताठ केली, पापण्या वर खेचून धरल्या आणि तो निघाला. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पुसायलाही त्याने डोळे मिटले नाहीत. खाणीचा उतार गेला, वाडी गेली. पडवीत बसलेल्या म्हाताऱ्यांनी हात वर केला, त्याने हॉर्न दिला.

देवळाचं वळण आलं. हात सवयीने उठला आणि छातीशी गेला. पापण्याही निघाल्या होत्या खाली यायला, पण दादूने त्या यायच्या आधी थोपवल्या. उघड्या डोळ्यांनी तो देवळासमोरून गेला. कळसाला नवा रंग दिलेला होता. पायरीवर केरू गुरव पाय सोडून बसला होता. भिंतीला टेकून कोणाचीतरी सायकल उभी होती. इतकी वर्षं या वळणावरून गाडी नेली आणि गाडीतून इथे काय दिसतं ते आज पहिल्यांदा बघतोय, असं त्याच्या मनात आलं. मग वळण संपलं आणि हमरस्ता लागला.

त्या दिवशी विनीतचा फोन आला नाही. संध्याकाळी दादू वेळेवर घरी आला. मागीलदारी हातपाय धुऊन नव्या लादीवर येऊन बसला. डोळे लाल झाले होते. कमळाने चहा पुढे ठेवला आणि आज कसं काय झालं म्हणून विचारलं.

"बरं झालं," दादू म्हणाला. "काय बोलली नाय."

"कोन, ती कॅमेऱ्यातली?"

दादूने कप उचलला, देवळाच्या बाजूला बघितलं आणि परत खाली ठेवला.

"दोघी पन," तो म्हणाला.